आधी सुई, मग तार, मग नळी

वैद्यकाचा इतिहास बहुतेक डॉक्टरच लिहितात, त्यामुळे त्यात शोध असतात, अवजारं फारशी नसतात. मी एक्स-रे टेक्निशियन. मुंबईतल्या एका म्युनिसिपल हॉस्पिटलात माझी सगळी नोकरी अँजिओग्राफीच्या खोलीत गेली. पोटातला रक्तस्राव धमनी बंद करून थांबवायची विद्या मला म्हणूनच तारा, नळ्या आणि स्पंजाच्या तुकड्यांतूनच आठवते.

जठर संपून लहान आतडं सुरू होतं, तिथे मागच्या भिंतीला चिकटून गॅस्ट्रोड्युओडेनल धमनी खाली उतरते. त्या भिंतीवरचा अल्सर खोल गेला की धमनीच कुरतडतो. मग रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, आणि पाहता पाहता नाडी हाताला लागेनाशी. पूर्वी यावर मार्ग एकच: पोट उघडा आणि टाके घाला. पण बाटल्यांमागून बाटल्या रक्त चढवलेला म्हातारा ऑपरेशनच्या टेबलावर टिकेल, याची हमी कोणता सर्जन देणार?

सुटका झाली ती स्टॉकहोमहून. धमनीत नळी घालायची तर एकतर कापून धमनी उघडी करा, नाहीतर नळी आत मावेल एवढी जाड सुई खुपसा, असा तोवरचा मामला होता. 1953 साली स्वेन-इवार सेल्डिंगर या तरुण रेडिओलॉजिस्टने सुचवलं, की बारीक सुई घाला, तिच्यातून तार सरकवा, सुई काढा, तारेवरून नळी आत न्या आणि तार ओढून घ्या. बस्स. वरिष्ठांना हे डॉक्टरेटला पुरेल असं वाटलं नाही, बिचाऱ्याने प्रबंध पुढे दुसऱ्याच विषयावर केला. आज जगातली प्रत्येक कॅथलॅब त्या अपुऱ्या कल्पनेवर चालते!

नळी आत गेली, आता बघायचं काय? फिलाडेल्फियात रेडिओलॉजिस्ट स्टॅन्ली बॉम आणि सर्जन मोरे नुसबॉम यांनी 1963 साली कुत्र्यांवरच्या प्रयोगात दाखवलं, की मिनिटाला जेमतेम अर्धा मिलिलिटर रक्त गळत असलं तरी ते फिल्मवर सापडतं. आमच्या सुरुवातीच्या काळात फिल्म डार्करूममधून ओल्याच बाहेर यायच्या. पाणी निथळत असताना मी त्या दिव्याच्या खोक्यावर ओळीने लावायचे. धमन्यांची झाडं भरतात, मग पुसट होतात, आणि सगळं पुसलं गेलं तरी एक पांढरा ठिपका मागे राहतो, पुढच्या फिल्मवर किंचित मोठा झालेला. रक्त गळतं ते तिथे. आमचे रेडिओलॉजिस्ट सर त्या ठिपक्यावर बोट ठेवायचे तेव्हा खोलीत कुणी बोलत नसे. फिलाडेल्फियाच्या जोडीने पुढे त्याच नळीतून व्हॅसोप्रेसिन सोडून धमनी आवळायचा उपाय काढला. तो कधी लागू पडे, पण औषध थांबवलं की रक्त पुन्हा सुरू होई, शिवाय हृदयाला धोका असे तो वेगळाच.

धमनी आवळण्यापेक्षा बुजवूनच टाकावी, हे धाडस पोर्टलंडचं. तिथले चार्ल्स डॉटर म्हणजे अवलिया. गिटारच्या तारा, फोक्सवॅगनच्या स्पीडोमीटरची केबल, जे मिळेल त्यातून ते गाइडवायर बनवायचे. त्यांचे सहकारी जोसेफ रोश हे झेकोस्लोव्हाकियाचे. 1968 मध्ये प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले तेव्हा ते अमेरिकेत होते, मग तिथेच राहिले. या दोघांनी ब्राउन या सहकाऱ्यासह 1972 साली निबंध छापला. जठरातून रक्तस्राव होणाऱ्या रुग्णाचंच रक्त काढून त्याची गुठळी होऊ दिली, आणि तीच नळीवाटे जठराच्या कडेने जाणाऱ्या धमनीत सोडली. गळती थांबवायला गळणाऱ्याचंच रक्त! मला यातली बेफिकिरी आवडते.

गुठळी मात्र लवकर विरघळते. मग जेलफोम आला, म्हणजे ऑपरेशनमध्ये वापरायचा जिलेटिनचा स्पंज. तो कापायचं काम माझ्याकडे असे. कोरडा असताना पावासारखा हलका, म्हणून बारीक कात्रीने कापायचा, अगदी मिलिमीटरभराचे तुकडे. मग दोन सिरिंज तीन तोंडांच्या तोटीला जोडून, कॉन्ट्रास्टबरोबर, म्हणजे एक्स-रेत दिसणाऱ्या द्रवाबरोबर, इकडून तिकडे ढकलत त्याचा लगदा करायचा. जाड राहिला तर नळी तुंबते, फार पातळ झाला तर नको तिथवर वाहत जातो. हे प्रमाण पुस्तकात वाचून जमत नाही, ते अंगठ्यालाच कळतं. 1975 साली ह्यूस्टनच्या चेझारे जियानतुर्को यांनी पोलादी तारेच्या कॉइलला चक्क लोकरीचे धागे बांधले, रक्त लोकरीवर पटकन गोठतं म्हणून. पुढे लोकर जाऊन कृत्रिम धागे आले.

नळ्यांचंही तसंच. हवा तो बाक देण्यासाठी आम्ही त्या किटलीच्या वाफेवर धरायचो. वाकवली की लगेच गार पाण्यात. एकदा वापरलेली नळी धुऊन, गॅसने निर्जंतुक करून पुन्हा कामाला, हेही सर्रास चाले.

ड्युओडेनमची, म्हणजे लहान आतड्याच्या त्या सुरुवातीच्या भागाची, एक खोड मात्र सर्वांना नडली. तिथे रक्त वरून येतं, तसंच खालून आतड्याच्या धमनीतूनही येतं. वाड्याचं पुढचं दार लावलं तरी परसदार उघडंच. म्हणून नळी आधी गळतीच्या पलीकडे न्यायची, तिकडून कॉइल भरत अलीकडे यायचं. याच दुहेरी पुरवठ्यामुळे जठर आणि ड्युओडेनम सहसा कुजत नाहीत, हा त्याच खोडीचा फायदा.

दरम्यान अल्सरच कमी झाले. 1976 साली जठरातलं आम्ल कमी करणारं सिमेटिडीन बाजारात आलं. 1982 साली पर्थमध्ये मार्शल आणि वॉरन यांना अल्सरला कारणीभूत असलेला हेलिकोबॅक्टर जंतू सापडला, आणि दुर्बिणीतून इंजेक्शन देणं, क्लिप लावणं नित्याचं झालं. आता आमच्या टेबलावर येतात ते दुर्बिणीला दाद न देणारे, त्यातले कितीतरी वेदनाशामक किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे. रक्तस्राव लहरी असतो, नेमक्या अँजिओग्राफीच्या वेळी थांबलेला. अशा वेळी दुर्बिणीवाल्याने लावून ठेवलेली धातूची क्लिप एक्स-रेत दिसते, आणि ठिपका दिसो न दिसो, तिच्या खुणेवरून धमनी बंद करतात. न दिसणारी गळती बुजवावी का, यावर डॉक्टरांत अजून वाद आहे. मला विचाराल तर बुजवावी. रात्री दोन वाजता तोच पेशंट दुसऱ्यांदा टेबलावर चढवताना त्याची अवस्था काय असते, ते मी पाहिलंय.