ज्येष्ठतासूचीचा न्याय : सरळसेवा आणि पदोन्नती यांच्या वादाचा इतिहास

१ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव, तसेच धारवाड, विजापूर आणि कारवार हे जिल्हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी मराठवाडा हैदराबाद राज्यातून आणि विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. आपण सीमावासीय हा दिवस गावे आणि भाषा यांच्या संदर्भात स्मरतो. परंतु त्या दिवशी सरकारी नोकरांच्या ज्येष्ठतासूच्याही बदलल्या, याचे स्मरण फारसे कोणी ठेवीत नाही.

राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या कलम ११५ मध्ये एक आश्वासन होते. दुसऱ्या राज्यात वर्ग झालेल्या नोकराच्या सेवाशर्ती केंद्र सरकारच्या पूर्वमान्यतेशिवाय त्याला अहितकारक ठरतील अशा रीतीने बदलता येणार नव्हत्या. या आश्वासनाची कसोटी रामचंद्र शंकर देवधर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात लागली. हैदराबादच्या सेवेतून आलेल्या तहसीलदारांची ती तक्रार होती. त्यांच्या जुन्या राज्यात उपजिल्हाधिकाऱ्याची सर्व पदे तहसीलदारांच्या पदोन्नतीने भरली जात. मुंबईच्या नियमांनी पदोन्नतीचा वाटा निम्म्यावर आणला आणि उरलेला दरवाजा सरळसेवेसाठी उघडला. शिवाय पदोन्नती महसूल विभागनिहाय होऊ लागल्याने एका विभागातील ज्येष्ठ मागे राहून दुसऱ्या विभागातील कनिष्ठ पुढे जाऊ शकत होता.

१९७३ साली न्या. भगवती यांनी दिलेल्या निकालाला दोन बाजू आहेत. पदोन्नतीची संधी घटणे म्हणजे सेवाशर्त बदलणे नव्हे, असे न्यायालयाने ठरविले; म्हणून कलम ११५ चे कवच तेथे उपयोगी पडले नाही. मात्र विभागनिहाय पदोन्नतीचा नियम समान संधीच्या तत्त्वाशी विसंगत म्हणून रद्द झाला. दहा-बारा वर्षांच्या विलंबाचा सरकारचा आक्षेपही मान्य झाला नाही, कारण दरम्यानच्या पदोन्नत्या तात्पुरत्या होत्या आणि कोणाचे हक्क पक्के झाले नव्हते. वेतनाचे आश्वासन कायदा देऊ शकतो, आशेचे देत नाही, हा त्यातला कटू धडा होय.

दुसरा मोठा वाद अभियंत्यांचा. मुंबईच्या १९६० च्या नियमांनुसार अभियांत्रिकी सेवेत नामनिर्देशन आणि पदोन्नती यांचे प्रमाण शक्यतो ७५ : २५ असावे, असे ठरले होते. प्रत्यक्षात कामे वाढत गेली आणि अनेक पदोन्नत उपअभियंते वर्षानुवर्षे स्थानापन्न म्हणून काम करीत राहिले. त्यांना कायम केव्हा करावयाचे, हे सरकारच्या मर्जीवर होते. आणि नियम ८(३) सांगत होता की, एखाद्या वर्षी सरळसेवेने घेतलेले परिवीक्षाधीन अधिकारी त्या वर्षी कायम झालेल्या पदोन्नतांच्या वर, एकगठ्ठा, बसतील. दहा वर्षे तेच काम केलेला माणूस काल आलेल्याच्या खाली जाऊ शकत होता.

१९७७ मध्ये एस. बी. पटवर्धन प्रकरणात न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी हा नियम अनुच्छेद १४ व १६ च्या विरोधी ठरविला. गुजरातमधील अभियंत्यांचा प्रश्नही त्याच निकालात सुटला. संवर्ग एक, काम एक, जबाबदारी एक. मग कायम होण्याच्या अनिश्चित तारखेवर कोणाचे भवितव्य टांगू नये, हा त्याचा गाभा.

सरळसेवेच्या अधिकाऱ्यांचे समाधान झाले नाही. त्यांच्याही म्हणण्यात तथ्य होते. स्पर्धा परीक्षा देऊन, ठरलेल्या कोट्यावर विसंबून ते आले होते. कोट्याबाहेर वर चढलेल्यांनी आपल्यापुढे का बसावे, हा त्यांचा प्रश्न होता. २ मे १९९० रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पटवर्धन निकालाचे तत्त्व कायम ठेवून अकरा निष्कर्ष नोंदविले. नियमानुसार नेमलेल्याची ज्येष्ठता नेमणुकीच्या दिवसापासून मोजावी, कायम झाल्याच्या दिवसापासून नव्हे. नियम डावलून केवळ वेळ निभावण्यासाठी केलेली नेमणूक मात्र मोजू नये. सेवेत एकदा स्थिरावलेली व्यवस्था वारंवार उसकटू नये, असेही न्यायालयाने बजावले.

वाद तरीही शमला नाही. यातील पहिल्या दोन निष्कर्षांचा मेळ घालण्यासाठी १९९३ मध्ये अघोरनाथ डे प्रकरणात पुन्हा विवेचन करावे लागले. २०१९ मध्ये मणिपूरच्या पोलीस सेवेतील मेघचंद्र सिंह प्रकरणात न्यायालयाने २०१२ चा आपलाच परमार निकाल फिरविला: पद रिक्त झाले त्या वर्षाची ज्येष्ठता, त्या वेळी सेवेत नसलेल्या सरळसेवा उमेदवाराला देता येणार नाही.

या साऱ्या इतिहासात खलनायक कोणताही एक गट नाही. भरती वेळेवर न करणे, स्थानापन्नांना लटकत ठेवणे आणि सूची वर्षानुवर्षे तात्पुरती ठेवणे, हे दोष सरकारचे. भांडण मात्र शेजारच्या टेबलांवर बसणाऱ्या दोघांत लागते. निकाल हाती येईपर्यंत अनेकदा वादी निवृत्त झालेला असतो. 'तात्पुरते' हा शब्द किती दशके टिकू शकतो, हे सीमाभागातील माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच सूची वेळीच प्रसिद्ध व्हावी, हरकती वेळीच ऐकाव्यात आणि त्यांचा निर्णय कारणांसह लेखी द्यावा, ही मागणी प्रत्येक नोकराने, तो कोणत्याही दाराने आत आलेला असो, एकत्रच केली पाहिजे.