वांगारीच्या दोन शाळा

सन २००४ चे नोबेल शांतता पारितोषिक पूर्व आफ्रिकेतील केनिया देशाच्या वांगारी माथाई ह्यांना मिळाले. शांततेचे पारितोषिक आफ्रिकेतील स्त्रीला मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यांनी खेड्यापाड्यांतील बायकांना हाताशी धरून लावलेली झाडे तोवर तीन कोटींच्या घरात गेली होती, आणि त्या झाडांविषयी पुष्कळ लिहून आले. परंतु ही बाई जेथे घडली त्या दोन कॅथलिक शाळांविषयी आपल्याकडे फारसे कोणी लिहिलेले नाही. मुलीला कॉन्व्हेंटात घालावी की मराठी शाळेत, ह्यावर आपल्या घराघरांतून अजून वाद चालतात. म्हणून ह्या दोन शाळांची हकीकत भगिनींपुढे मांडावी असे वाटले. तिचा मुख्य आधार वांगारीबाईंनी २००६ साली प्रसिद्ध केलेले आत्मचरित्र हा आहे.

वांगारीचा जन्म १ एप्रिल १९४० रोजी न्येरी जिल्ह्यातील इहिथे गावी झाला. केनियावर तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. चांगल्या जमिनी गोऱ्या मळेवाल्यांच्या ताब्यात गेलेल्या, आणि तिचे वडील घरापासून दूर अशाच एका मळ्यावर नोकरीस होते. मळ्यावर शाळा नसल्यामुळे मुलगे शिकावेत म्हणून आई मुलांना घेऊन १९४७ साली गावी परतली. शिकावयाचे ते मुलांनी, मुलीने पाणी आणावे, सरपण गोळा करावे, आईबरोबर शेतात राबावे, हा तेथील रिवाज आपल्याला काही नवा नाही. एके दिवशी थोरल्या भावाने आईला विचारले, आम्ही सगळे शाळेत जातो, मग वांगारी का जात नाही? आईने थोडा विचार केला आणि न जाण्याचे काही कारण नाही असे उत्तर दिले. ही आई स्वतः शाळेची पायरी चढलेली नव्हती. नोबेल पारितोषिकाच्या इतिहासात ह्या भावाचे व ह्या आईचे नाव कोणी लिहीत नाही, पण सारा प्रवास सुरू झाला तो त्या दोघांच्या ह्या एका बोलण्यातून.

गावच्या शाळेतून १९५१ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, वांगारी न्येरीजवळच्या माथारी येथील कॅथलिक मिशनच्या सेंट सेसिलिया शाळेत गेली. ही शाळा इटलीहून आलेल्या कन्सोलाता संघाच्या सिस्टर चालवीत. इटलीतील जुझेप्पे अल्लामानो नावाच्या धर्मगुरूंनी १९०१ साली मिशनरी पुरुषांचा आणि १९१० साली स्त्रियांचा असे हे दोन संघ काढले. त्यांतील पहिले मिशनरी १९०२ सालीच किकुयू लोकांच्या मुलखात पोहोचले होते. ह्या अल्लामानोंना रोमने २०२४ साली संतपद दिले.

शाळा वसतिगृहाची होती. मुली घरी जावयाच्या त्या सुट्टीतच. घंटेवर उठावयाचे, प्रार्थना, अभ्यास, झाडलोट, बागेतील काम, पुन्हा अभ्यास व प्रार्थना. आईबापांना, भावंडांना आणि मायदेशाला सोडून ह्या बायका परक्या मुलखात येतात आणि परक्यांच्या मुलींना शिकवतात, ह्या गोष्टीचा त्या लहान वयात वांगारीच्या मनावर खोल ठसा उमटला. तिने पुढे कॅथलिक धर्म स्वीकारला आणि मेरी जोसेफीन असे नाव घेतले. मैत्रिणी तिला मेरी जो म्हणू लागल्या.

आता ह्या शाळेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शाळेत इंग्रजीच बोलावयाचे असा नियम होता. जी मुलगी मातृभाषेत बोलताना सापडेल तिच्या अंगावर एक बिल्ला चढे. आपण मूर्ख आहोत, मातृभाषेत बोलताना पकडल्या गेलो, अशा अर्थाचा मजकूर त्यावर असे. बिल्ला चढलेल्या मुलीने तो दुसरी कोणी किकुयू बोलताना सापडली की तिच्या गळ्यात घालावयाचा, आणि दिवस मावळताना ज्या मुलीजवळ तो राहील तिने गवत कापावयाचे, झाडलोट करावयाची. म्हणजे मैत्रिणींनी मैत्रिणींवर पाळत ठेवावयाची, आणि कशासाठी, तर आईने शिकवलेला शब्द तोंडून निसटला म्हणून! मी स्वतः कॉन्व्हेंट शाळांची निंदक नाही. पण भाषा शिकवण्याचा हा मार्ग कोणत्याही धर्माच्या शिकवणुकीत बसणारा नव्हे. नीट इंग्रजी यावयास पहिल्या भाषेची लाज वाटावी लागत नाही. ह्या बिल्ल्याने मुलींना आपल्याच लोकांना हलके लेखावयास शिकवले, असा निर्वाळा वांगारीबाईंनी मोठेपणी दिला आहे. सिस्टरांच्या मायेविषयी त्यांनी लिहिले आहे तेही तितक्याच प्रांजळपणे. दोन्ही गोष्टी एकाच शाळेत नांदत होत्या.

ह्याच काळात बाहेर रणकंदन माजले होते. गोऱ्यांनी घेतलेल्या जमिनी परत मिळवण्यासाठी माऊमाऊ नावाचे बंड उठले आणि ऑक्टोबर १९५२ मध्ये सरकारने आणीबाणी पुकारली. दहा लाखांहून अधिक किकुयू माणसांना त्यांच्या घरांतून उठवून, कुंपण घातलेल्या पहाऱ्यातील वस्त्यांत कोंडण्यात आले. वांगारीच्या आईलाही अशाच वस्तीत राहावे लागले. मिशनच्या आवारात मुली सुरक्षित होत्या हे खरे. पण तेथे त्यांना सांगितले जाई ते असे की, माऊमाऊवाले म्हणजे निव्वळ दहशतवादी. आणि मुली ते पकडले जावेत म्हणून प्रार्थना करीत. घरची माणसे पहाऱ्यात आणि लेकी पहारेकऱ्यांसाठी हात जोडताहेत, असा हा प्रकार. वांगारी स्वतः सोळा वर्षांची असताना सुट्टीत वडिलांकडे जावयास निघाली, तेव्हा वाटेत धरली गेली आणि तिला दोन दिवस छावणीत काढावे लागले. शाळेच्या भिंतीबाहेर काय चालले आहे ते तिला तेथे दिसले.

वसतिगृहाच्या जीवनातील एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. वांगारी शाळेत असताना 'मेरीची सेना' ह्या मंडळात दाखल झाली. नाव लढाऊ असले तरी काम साध्या सेवेचे. हे मंडळ १९२१ साली आयर्लंडमधील डब्लिन शहरात निघाले. पूर्व आफ्रिकेत त्याचे बीज रुजवले ते एडेल क्विन नावाच्या आयरिश तरुणीने. ती नन नव्हती. तिला क्षय जडलेला होता. तशाही अवस्थेत ती १९३६ साली नैरोबीला आली, खाचखळग्यांच्या रस्त्यांनी गावोगाव हिंडत तिने मंडळाच्या शाखा उभ्या केल्या, आणि १९४४ च्या मे महिन्यात नैरोबीतच तिचा अंत झाला. वयाची चाळिशीही तिने गाठली नव्हती.

ह्या मंडळाची रीत ऐकून आपल्या सभासद भगिनींना ओळखीचे काहीतरी ऐकल्यासारखे वाटेल. आठवड्यातून एकदा बैठक व्हावयाची. बैठकीत प्रत्येकीला नेमके काम द्यावयाचे. कोणी आजाऱ्यापाशी बसावे, कोणी अडलेल्याला मदत करावी. काम शक्यतो दोघींनी मिळून करावयाचे, आणि पुढच्या बैठकीत उभे राहून काय केले, काय राहिले ते सांगावयाचे. कामाची बढाई नाही आणि मोबदलाही नाही. माणसांची सेवा हीच देवाची सेवा, हे सूत्र वांगारीने तेथे उचलले. मी तर म्हणेन की, भूगोल व व्याकरणाच्या तासांपेक्षा ह्या बैठकींतून तिने अधिक घेतले.

सेंट सेसिलिया शाळेतील शिक्षण १९५६ साली पुरे झाले तेव्हा वांगारी वर्गात पहिली होती. त्यामुळे तिला लिमुरू येथील लोरेटो विद्यालयात प्रवेश मिळाला. लिमुरू हे नैरोबीजवळचे थंड हवेचे, चहाच्या मळ्यांचे ठिकाण. आफ्रिकी मुलींसाठी असे कॅथलिक माध्यमिक विद्यालय त्या काळी साऱ्या केनियात हे एकच होते.

लोरेटोचे नाव आपल्याला कलकत्त्यामुळे ठाऊक असते. ह्या परंपरेच्या मुळाशी मेरी वॉर्ड ही इंग्रज स्त्री आहे. मठाच्या भिंतींआड न राहता मुलींना शिकवीत फिरणाऱ्या स्त्रियांचा संघ तिने १६०९ साली काढला. स्त्रियांनी असे मोकळे हिंडावे हे त्या काळच्या धर्माधिकाऱ्यांना रुचले नाही. १६३१ साली पोपने संघ मोडून टाकला, आणि म्यूनिच येथे मेरी वॉर्डला काही काळ एका मठात बंदिवासही भोगावा लागला. तिला संस्थापिका म्हणून उघड मान्यता मिळावयास १९०९ साल उजाडले! ह्याच परंपरेतील आयरिश शाखेच्या नन १८४१ च्या अखेरीस कलकत्त्यास उतरल्या आणि १९२१ साली केनियात पोहोचल्या. कलकत्त्याच्या लोरेटोत मदर तेरेसा १९४८ पर्यंत होत्या, आणि १९७९ चे शांतता पारितोषिक त्यांना मिळाले. एका आयरिश शाखेशी नाते असलेल्या दोन स्त्रियांना, एक शिक्षिका व एक विद्यार्थिनी, हा मान मिळावा हा योग विलक्षणच.

लिमुरूला विज्ञान शिकवणाऱ्या सिस्टरांचे नाव मदर तेरेसिया. नावसाधर्म्यामुळे घोटाळा होऊ नये, ह्या निराळ्या. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेतील काचनळ्या व बशा धुण्याच्या कामी त्या वांगारीला हाताशी घेत आणि काम करता करता गप्पा मारीत. त्या काळी मुलींना फार तर शिक्षिका, परिचारिका किंवा कारकून होता येई. मुलीने प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र शिकावे हे कोणाच्या ध्यानीमनीही नसे. धुतलेल्या काचनळ्यांच्या त्या गप्पांनी ही मुलगी विज्ञानाकडे वळवली.

१९५९ साली तिचे शालेय शिक्षण संपले आणि लगेच १९६० च्या सप्टेंबरात अमेरिकेस जावयास निघालेल्या सुमारे तीनशे केनियन विद्यार्थ्यांत तिची निवड झाली. पुढारी टॉम म्बोया ह्यांनी खटपट करून सुरू केलेली व केनेडी कुटुंबाच्या निधीने त्या वर्षी तारलेली ती योजना होय. कॅन्सस राज्यात बेनेडिक्टाईन सिस्टरांच्या महाविद्यालयातून १९६४ साली ती जीवशास्त्राची पदवीधर झाली, पिट्सबर्गला पदव्युत्तर शिक्षण झाले, आणि १९७१ साली नैरोबी विद्यापीठाने तिला डॉक्टरेट दिली. पूर्व व मध्य आफ्रिकेत हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. अमेरिकेत असतानाच तिने एक गोष्ट केली. मेरी जोसेफीन हे नाव बाजूला ठेवून आपले किकुयू नाव पुन्हा धारण केले.

परत आल्यावर वांगारीबाईंना गावाकडे एक धक्का बसला. लहानपणी घराजवळ मुगुमो नावाचे एक विशाल झाड होते. ते देवाचे झाड आहे, त्याचे सरपण आणू नकोस, असे आईने बजावलेले. झाडाजवळून झरा वाहत असे आणि मुलगी त्यात बेडकांची अंडी न्याहाळीत बसे. हा मुगुमो आपल्या वडाचा, औदुंबराचा सगोत्र. वटपौर्णिमेला सूत गुंडाळणाऱ्या आपल्या बायकांना त्या आईचे बोलणे समजावून सांगण्याची गरज नाही. परत येऊन पाहतात तो झाड तोडलेले आणि झरा आटलेला. अशा झाडाची मुळे खडक फोडून खोल जातात व भूमीतील पाण्याला वर येण्यास वाट देतात, हे त्यांना विज्ञानाने शिकवले होते. आईला ते विज्ञान ठाऊक नव्हते, पण झाड राखावे हे ठाऊक होते. नव्या शाळांनी जुनी श्रद्धा पुसून टाकली, आणि तिच्यामागचे शहाणपण मुलांच्या हाती येण्याआधीच झाडे गेली.

त्या वेळी वांगारीबाई केनियाच्या राष्ट्रीय महिला परिषदेत काम करीत असत. खेड्यांतील बायकांची गाऱ्हाणी परिषदेपुढे येत. सरपण मिळत नाही, पाणी लांब गेले, मुलांच्या पोटात सकस अन्न जात नाही. त्यावर झाडे लावावीत असा उपाय बाईंना सुचला. ५ जून १९७७ रोजी नैरोबीतील कामुकुंजी उद्यानात सात झाडे लावून आरंभ झाला. त्यातूनच पुढे हरित पट्टा चळवळ, म्हणजे ग्रीन बेल्ट मूव्हमेंट, उभी राहिली.

चळवळीची रचना पाहिली की माथारीच्या त्या बैठका आठवतात. निदान मला तरी आठवल्या. गावोगावच्या बायकांचे गट. प्रत्येक गटाची रोपवाटिका. रोपे किती रुजली, किती वाटली, किती जगली ह्याचा हिशेब ठेवून कळवावयाचा, आणि जगलेल्या रोपापाठीमागे बाईच्या हातावर थोडे पैसे ठेवावयाचे. लावलेल्याला दाम नाही, जगवलेल्याला आहे! वनखात्याच्या शिकलेल्या अधिकाऱ्यांना हे प्रथम हास्यास्पद वाटले. झाडे लावावयास पदवी लागते अशी त्यांची समजूत. मग बाईंनी ह्या स्त्रियांना 'पदवी नसलेल्या वनाधिकारी' म्हणावयास सुरुवात केली. ज्या बाईने मातीत घेवडा पेरला तिला झाडाचे बी पेरता येईलच, हे त्यांना शाळेतून कळले नव्हते, आईच्या शेतात कळले होते.

पुढची हकीकत वर्तमानपत्रांतून येऊन गेली आहे. नैरोबीच्या उहुरू उद्यानात उभा राहू घातलेला साठ मजली मनोरा त्यांनी १९८९ साली विरोध करून थांबवला, त्यासाठी सरकारचा रोष ओढवून घेतला, मार खाल्ला, तुरुंग पाहिला. २००२ साली त्या संसदेवर निवडून आल्या. पारितोषिकाची बातमी ८ ऑक्टोबर २००४ रोजी त्यांना कळली ती न्येरीच्याच वाटेवर, आणि त्यांनी तेथल्या तेथे मातीत गुडघे टेकून एक झाड लावले. २५ सप्टेंबर २०११ रोजी त्यांचे निधन झाले. आपल्यासाठी लाकडाची शवपेटी नको असे त्यांनी सांगून ठेवले होते, म्हणून ती बांबू, लव्हाळी व पाणवनस्पती ह्यांची विणण्यात आली.

चळवळीने खेड्यांतील स्त्रियांसाठी वर्ग चालवले. त्यांत रोपांबरोबरच आपले हक्क कोणते, जमीन कोणाची, राज्य कसे चालते हेही शिकवले जाई. हे वर्ग इंग्रजीत घ्यावयाचे नाहीत, त्या त्या भागातील लोकांच्या भाषेतच घ्यावयाचे, असा वांगारीबाईंचा आग्रह होता. न्येरीकडच्या बायकांना ते किकुयूत शिकवले जात.