मोर्चा : एका शब्दाचा वसईतील प्रवास

'मोर्चा' म्हटले की फलक, घोषणा आणि सरकारी कचेरीकडे निघालेली माणसांची रांग आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु फारसीतून मराठीत आलेल्या या शब्दाचा जुना अर्थ चालणे हा नव्हे, तर ठाण मांडणे हा आहे. शत्रूच्या तटासमोर खंदक खणून, मातीचा आडोसा रचून तोफा रोखण्याची जागा म्हणजे मोर्चा. 'मोर्चेबांधणी', 'मोर्चा वळविणे' या वाक्प्रचारांत तो अर्थ अद्याप जिवंत आहे.

वसईने तो प्रत्यक्ष अनुभवला. १७३९ च्या फेब्रुवारीत चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांच्या किल्ल्याला निकराचा वेढा दिला. जमिनीच्या बाजूने, म्हणजे आपल्या पापडीच्या दिशेने, मराठ्यांचे मोर्चे तटाला भिडले. सुरुंगांनी बुरूज ढासळला, दोन्हीकडील कितीतरी माणसे कामी आली आणि मे महिन्यात किल्ला मराठ्यांच्या स्वाधीन झाला.

पुढे विसाव्या शतकातील चळवळींनी या ठाण मांडून बसलेल्या शब्दाला पाय दिले. सुमारे अडीचशे वर्षांनी तो नव्या रूपात वसईत परतला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस येथील हरित पट्टा बांधकामास खुला होऊ लागला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि हजारो माणसे रस्त्यावर आली. पालखी-मिरवणुकांत शिस्तीने चालण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना ही वाट परकी वाटली नाही. पहिले मोर्चे भूमी जिंकण्यासाठी होते, हे भूमी राखण्यासाठी. त्यांत तोफ नव्हती, समोर शत्रूही नव्हता. होते ते आपलेच सरकार, ज्याला जागे करायचे होते.

तरीही जुना अर्थ विसरून चालणार नाही. मोर्चा म्हणजे धरलेली जागा न सोडणे. फादर दिब्रिटो २०२४ मध्ये निवर्तले. त्यांना श्रद्धांजली वाहताना आपण स्वतःला एक प्रश्न विचारावा : त्या मोर्चांत चाललेल्या आपल्या घरांपैकी किती घरांनी पुढे आपलीच वाडी, आपलीच बावखल बिल्डरच्या हाती दिली? सरकारकडे वळविलेला मोर्चा कधीतरी आपल्या उंबरठ्याकडेही वळवावा लागतो.