हात न लावलेली यंत्रणा स्थिर नसते

संगणक सांभाळणाऱ्या मंडळींत एक मत इतके मुरले आहे की त्याला आता कुणी पुरावा मागत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम एकदा नीट चालू लागली की तिला हात लावू नये. स्थिरता हवी असेल तर अपडेट बंद ठेवा, अपडेट हवेत तर मोडतोड सोसा, दोन्ही एकदम मिळणार नाही. अनुभवी माणसे हे सांगतात, म्हणून नवखी मुलेही तेच गिरवतात. हे मत मला मान्य नाही. पण त्याची बाजू आधी पुरेपूर मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही.

या बाजूचा सर्वांत भक्कम दाखला डेबियन या लिनक्स वितरणाचा आहे, आणि तोही डेबियनच्या ‘स्टेबल’ आवृत्तीतला. डेबियन १२.३ ही ९ डिसेंबर २०२३ रोजी यायची होती. तिच्यातल्या ६.१.६४ या कर्नलमध्ये एक्स्ट४ फाइल सिस्टिमची एक दुरुस्ती होती. ती मुळात नव्या कर्नलसाठी लिहिलेली. तिथे ती ६.५ मध्ये आलेल्या दुसऱ्या एका बदलावर टेकून उभी होती. जुन्या ६.१ मध्ये ती आणताना तो आधाराचा बदल मागेच राहिला. परिणाम असा की काही विशिष्ट पद्धतीने थेट डिस्कवर लिहिणाऱ्या प्रोग्रामची लिहिण्याची जागा चुकू लागली आणि डेटा बिघडण्याची वेळ आली. इथे व्हायरस नव्हता, हल्लेखोर नव्हता, बिघाड दुरुस्तीनेच आणला होता. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हेच.

दुसरा दाखला सर्वांना आठवत असेल. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका फाइलने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर आणली. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले.

आता उत्तर. डेबियनच्या प्रसंगात पुढे काय झाले ते पाहा. डेबियनने १२.३ च्या इन्स्टॉलेशन प्रतिमा रोखल्या, लोकांना अपग्रेड करू नका म्हणून बजावले आणि दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, सुधारलेल्या कर्नलसह १२.४ दिली. ज्याने ६.१.६४ आधीच घेतला होता, त्याने ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हे सूत्र पाळले असते तर तो डेटा बिघडवणाऱ्या कर्नलवरच बसून राहिला असता. सूत्राचा सर्वांत मोठा पुरावा म्हणून जो प्रसंग पुढे केला जातो, त्यातच ते सूत्र सर्वाधिक नुकसान करणारे ठरते. दोष दुरुस्ती करण्याचा नव्हता, अर्धी दुरुस्ती उचलण्याचा होता, आणि तो पुढच्या दुरुस्तीनेच निघाला.

क्राउडस्ट्राइकचा दाखला तर उलटाच पडतो. ती ऑपरेटिंग सिस्टिमची दुरुस्ती नव्हतीच. सुरक्षा प्रोग्रामला दिलेली ती माहितीची फाइल होती. २१ घटकांची अपेक्षा असलेल्या ठिकाणी प्रोग्रामने २० च दिले आणि वाचन मेमरीच्या हद्दीबाहेर गेले. मुख्य मुद्दा असा की अनेक ग्राहक सावधगिरी म्हणून मुद्दाम एक आवृत्ती मागे राहत. त्यांनाही ती फाइल मिळाली, कारण तो मागे राहण्याचा नियम या फाइलींना लागूच नव्हता. ती टप्प्याटप्प्याने न पाठवता सर्वांना एकदम गेली, नडले ते हे.

मग ‘स्टेबल’ म्हणजे काय? ज्यांनी ही कल्पना सर्वांत काटेकोरपणे राबवली, त्या डेबियनकडेच पाहू. तिथे प्रोग्रामची वागणूक गोठवतात, दोष गोठवत नाहीत. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतला हार्टब्लीड हा दोष उघड झाला. मूळ प्रकल्पाने १.०.१जी ही नवी आवृत्ती काढली. डेबियन ७ ने ती घेतली नाही. आपल्या १.०.१ई मध्ये तेवढी दुरुस्ती बसवली आणि त्याच दिवशी ‘१.०.१ई-२+डेब७यू५’ या नावाने पाठवली. आवृत्तीचा आकडा जुना, शेपटीतला ‘यू५’ मात्र सांगतो की या पॅकेजला पाचव्यांदा हात लागला आहे. केवळ पुढचा आकडा पाहून ‘तुमचे सॉफ्टवेअर जुनाट आहे’ असे शेरे मारणारे तपासनीस ही शेपटी वाचत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो.

यावर म्हणतील, डेबियन ६ मध्ये ओपनएसएसएल त्याहून जुने होते आणि त्याला हार्टब्लीडची बाधा झालीच नाही. खरे आहे. ज्या सोयीत दोष होता ती सोयच त्यात नव्हती. पण एवढ्यावरून जुने ते निर्धोक ठरत नाही. कर्नलमधला डर्टी काउ हा दोष लिनस तोरवाल्ड्स यांनी २००५ मध्येच दुरुस्त करून पाहिला होता. एस३९० मेनफ्रेमवर त्या दुरुस्तीने अडचण आली म्हणून ती मागे घेतली गेली. स्थिरतेसाठी घेतलेला तो निर्णय त्या वेळी समजण्यासारखा होता. दोष अखेर दुरुस्त झाला २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये, तोवर हल्लेखोर तो वापरू लागले होते. अकरा वर्षे जुने असल्याने तो सौम्य झाला नाही. उलट जितकी यंत्रे वाढली तितका पसरला.

थांबण्याची किंमत वॉनाक्राय या रॅन्समवेअरने तर मोजूनच दाखवली. मायक्रोसॉफ्टचा पॅच १४ मार्च २०१७ चा, हल्ला १२ मेचा. मध्ये जवळजवळ दोन महिने होते, आणि इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया हजारोंनी रद्द कराव्या लागल्या. खापर विंडोज एक्सपीवर फुटले, पण बाधित यंत्रांत बहुसंख्य विंडोज ७ ची होती. त्यांच्यासाठी पॅच तयार होता, फक्त बसवलेला नव्हता.

म्हणून जे नवे येईल ते त्याच रात्री बसवा, असेही मी म्हणत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन प्रोग्रामच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचे दार सापडले, तेव्हा डेबियनच्या चाचणी शाखांत ते पोचले होते, स्टेबलमध्ये नव्हते. नवी आवृत्ती आणि दुरुस्ती या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलीला थांबवता येते, दुसरीला थांबवायचे तर त्यासाठी कारण द्यावे लागेल. आमच्याकडे चाचणीला माणसे नाहीत, ही तक्रार रास्त आहे. पण फक्त सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप घेणे, त्या आधी एका कमी महत्त्वाच्या यंत्रावर लावणे आणि जुना कर्नल बूट मेनूत ठेवणे, एवढे एक माणूसही करू शकतो.

एक गोष्ट मात्र एवढे करणाऱ्या ठिकाणीही राहून जाते, दुरुस्तीनंतर पुन्हा सुरू करणे. हार्टब्लीडच्या दुसऱ्या दिवशी डेबियनने लगेच ‘यू६’ काढले, आणि त्यात नवी दुरुस्ती नव्हती. कोणत्या सेवा पुन्हा सुरू करायला हव्यात हे तपासून विचारण्याची सोय त्यात होती, कारण डिस्कवरची लायब्ररी बदलली तरी आधीपासून चालू असलेला वेब सर्व्हर मेमरीतली जुनीच वापरत राहतो. कर्नलचेही तसेच. चारशे दिवसांचा अपटाइम अभिमानाने दाखवला जातो तेव्हा, लाइव्ह पॅचिंग नसेल तर, त्या चारशे दिवसांत आलेली कर्नलची एकही दुरुस्ती त्या यंत्रावर लागू झालेली नसते. पॅकेजच्या यादीत ती बसलेली दिसते, चालत असतो जुनाच कर्नल.