निलंग्याहून तेर : शेतात सापडलेल्या वस्तूंचं सरकारी संग्रहालय

निलंगा : नीलकंठेश्वराचं चालुक्यकालीन मंदिर हे निलंग्याचं वैभव. एकाच मंडपाला तीन गाभारे आणि बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरींची शिल्पं, अशी त्याची रचना आहे. दगडी मंदिर टिकलं, पण जुन्या माणसांच्या घरातल्या वस्तू कुठं पाहायच्या? त्यासाठी धाराशिव जिल्ह्यातलं तेर गाठावं.

तेरणाकाठचं तेर म्हणजे प्राचीन 'तगर'. सुमारे 2 हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणपासून पूर्वेला 10 दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर म्हणून त्याची नोंद आहे. इथलं कापड गाड्यांतून भडोच बंदराला जायचं.

शहर गेलं, पांढरीची टेकाडं उरली. पाऊस झाला की मातीतून मणी, नाणी, भाजक्या मातीच्या बाहुल्या वर यायच्या. गावचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जमवल्या, जपल्या. त्यातूनच आजचं सरकारी संग्रहालय उभं राहिलं आणि त्याला त्यांचंच नाव आहे.

काय पाहाल?

हस्तिदंती स्त्रीमूर्ती चुकवू नका. अशीच भारतीय मूर्ती 1938 मध्ये इटलीतल्या पॉम्पेई शहरात सापडली. ते शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. शिवाय मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी आणि खापरं आहेत. गावात विटांचं त्रिविक्रम मंदिर आणि संत गोरोबा काकांचं मंदिरही आहे.

कसं जाल?

निलंगा-औसा-लातूर, पुढं मुरूड-ढोकी मार्गे तेर. सरकारी संग्रहालयांना साधारणपणे सोमवारी सुट्टी असते, त्यामुळं आधी चौकशी करून निघा.

शेतात काही सापडलं तर?

आपल्याही गावात पांढरी असते. नांगरताना किंवा पाया खणताना नाणी, मूर्ती निघतात. त्या घासूनपुसून चकचकीत करू नका, वितळवू नका, विकू नका. जागेचा फोटो काढा आणि तहसील कार्यालयाला कळवा. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. वस्तू सोनाराच्या भट्टीत गेली तर फक्त धातू उरतो. कुठं आणि किती खोल सापडली याची नोंद झाली, तर तीच वस्तू गावाचा इतिहास सांगते.