फाटकावरचा शिपाई

गेल्या महिन्यात एका रात्री अकराच्या सुमारास नातीचा पुण्याहून फोन आला. आवाज रडवेला. "आजोबा, माझ्या प्रोग्राममुळे गोदामातला माल वजा झाला आणि बिलं मात्र झालीच नाहीत. तीन दिवस शोधतेय, चूक सापडत नाही. सगळे म्हणतात, तूच काहीतरी चुकीचं लिहिलंयस."

आता मी मराठी माध्यमातला बीए, जन्मभर इतिहास शिकवलेला. मी काय शोधून देणार? पण पोर बोलत होती, मी ऐकत होतो. चार दिवसांनी तिला दोष सापडला आणि तो तिनं मला समजावून सांगितला. तो ऐकल्यावर मला वेगळीच चुटपुट लागली, की हे असं मुळात केलं कोणी आणि का? इतिहासाच्या मास्तरांची खोड, दुसरं काय!

मंडळी, मला कळलं तसं सांगतो. मोठ्या कंपन्यांच्या प्रोग्राममध्ये काही कामं जिथंतिथं लागतात. नोंद ठेवणं, परवानगी तपासणं, आणि 'सगळं पूर्ण कर, नाहीतर केलेलं मागं घे' हा व्यवहाराचा नियम पाळणं. हे प्रत्येक ठिकाणी पुन्हा पुन्हा लिहायला नको म्हणून एकदाच वेगळं लिहितात. मूळ कामाला हाक मारली की मधे कोणीतरी ती अडवतो, आपलं काम करतो आणि मग हाक पुढं सोडतो. याला म्हणतात मेथड इंटरसेप्शन, आणि या साऱ्या पद्धतीला अ‍ॅस्पेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग.

कल्पना वाटते तेवढी नवी नाही. १९६६ साली एमआयटीमध्ये वॉरन टाइटलमन यांनी आपल्या पीएचडीच्या प्रबंधात 'अ‍ॅडव्हाइस' म्हणजे सल्ला ही युक्ती मांडली. लिस्प भाषेत आधी लिहिलेल्या कामाला हात न लावता, ते सुरू होताना किंवा संपताना आपला सल्ला जोडायचा. यात सल्ला त्या कामाच्या नावालाच चिकटे. मग हाक मारणारा आतला असो की बाहेरचा, सल्ला ऐकल्याशिवाय सुटका नसे. हे ध्यानात ठेवा.

टाइटलमन पुढं झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या पार्क या संशोधन केंद्रात गेले. त्याच केंद्रातल्या ग्रेगोर किचालेस आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली फिनलंडमधल्या परिषदेत अ‍ॅस्पेक्टचा निबंध मांडला. लेखक सात. त्यांत अनुराग मेंढेकर हे नाव दिसलं तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं! त्यातून जावासाठी अ‍ॅस्पेक्टजे आलं. १.० आवृत्ती २००१ची. अ‍ॅस्पेक्टजे सल्ला थेट प्रोग्रामच्या धाग्यांत विणून टाकतं. इथंही आतल्या हाकेला सूट नाही. पण त्याला वेगळा कंपायलर नाहीतर खास लोडर लागतो, आणि रोजचं काम सांभाळणाऱ्या कंपन्या असल्या गोष्टींना बिचकतात.

म्हणून दुसरी वाट निघाली. मूळ वस्तूपुढं तिच्यासारखाच दिसणारा तोतया उभा करायचा. त्याचं नाव प्रॉक्सी. १९९८मध्ये आलेल्या ईजेबीचा कंटेनर असाच मधे उभा राही. २००० साली जावा १.३मध्ये चालता चालता प्रॉक्सी बनवायची सोय भाषेतच आली. मग रॉड जॉन्सन यांनी २००२मध्ये एक जाडजूड पुस्तक लिहिलं, आणि त्यातल्या प्रोग्रामवरून स्प्रिंग उभं राहिलं. १.० आवृत्ती मार्च २००४ची. (या गृहस्थांची डॉक्टरेट संगीतशास्त्रातली आहे. कोण कुठून कुठं जाईल!) स्प्रिंगनं प्रॉक्सीची वाट धरली. वेगळा कंपायलर नको, साधं जावा पुरे. लोकांना ते आवडलं आणि जगभर पसरलं.

आता नातीचं दुखणं. तिच्या एका मोठ्या मेथडमधून त्याच क्लासमधल्या दुसऱ्या, छोट्या मेथडला हाक जात होती. व्यवहाराचा नियम लिहिला होता छोटीच्या डोक्यावर.

आमच्या शाळेत फाटकाशी शिपाई बसे, येणाऱ्याचं नाव वहीत लिही. मी दोन वर्षं आवारातल्याच खोलीत राहत होतो. एकदा तपासणीसाहेबांनी वही चाळली आणि विचारलं, "हे मास्तर शाळेत येतच नाहीत का?" अहो, मी फाटकातून आत येणार कसा, मी आतच होतो! शिपायाचीही चूक नव्हती.

प्रॉक्सी हा फाटकावरचा शिपाई. बाहेरून आलेली हाक त्याच्यापुढून जाते. वस्तूनं स्वतःच स्वतःला मारलेली हाक त्याला दिसत नाही. अंतिम म्हणजे फायनल ठरवलेली किंवा खाजगी मेथडही त्याच्या हाती लागत नाही. स्प्रिंगच्या माहितीपुस्तकात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, पण आग लागल्याशिवाय असली पानं वाचतो कोण?

तिनं शोधलं कसं, ते मला फार आवडलं. आधी संशय चुकीच्या प्रकारावर. स्प्रिंग आपणहून सगळ्याच चुकांवर व्यवहार मागं घेत नाही, फक्त रनटाइम आणि एरर जातीच्या. ही रीत ईजेबीकडून आलेली. तिची चूक त्याच जातीची निघाली, म्हणजे ते नव्हे. मग वस्तूच्या क्लासचं नाव छापून पाहिलं. ते यंत्रानं घडवलेलं लांबलचक नाव होतं, म्हणजे शिपाई जागेवर होता. शेवटी चूक घडली त्या क्षणीची हाकांची उतरंड ओळीनं वाचली. तिच्या दोन मेथडांच्या मधे ट्रान्झॅक्शन इंटरसेप्टरची ओळ असायला हवी होती. नव्हती. मधे कोणीच नव्हतं.

"म्हणजे माझीच चूक ना?" तिनं विचारलं. म्हटलं, तुझी आहेच, नियम कुठं लागू होतो ते न पाहता लिहिलास. पण ही फट तुझ्या जन्माच्या आधीची आहे. विणकाम सोडून फाटक निवडलं तेव्हाच ती पडली, आणि निवडणाऱ्यांना ती ठाऊक होती. त्यांनी सोय घेतली आणि किंमत माहितीपुस्तकात लिहून ठेवली. पोरगी थोडा वेळ गप्प होती.

तिनं छोटी मेथड उचलून दुसऱ्या क्लासमध्ये नेली, म्हणजे हाक आता फाटकातूनच जाते. मुद्दाम मधेच चूक घडवून पाहिली. माल वजा झाला नाही. आधीच्या अर्धवट नोंदी मात्र तिला रविवारी बसून एकेक करून हातानं जुळवाव्या लागल्या. संध्याकाळी फोन आला तेव्हा जेवलीही नव्हती.