बेवारस बाकी

नळाला गळती लागली म्हणजे पाणी कोठे मुरते हे निदान ओल्या जमिनीवरून कळते. आणि रस्ता उकरून जलवाहिनीचा निसटलेला सांधा शोधणारी माणसे हे दृश्य कोल्हापुरात इतके परिचयाचे आहे, की संगणकातील 'मेमरी लीक' या व्याधीला आपल्याकडे 'गळती' हा शब्द सहज चिकटला. परंतु संगणकातून काहीच गळत नाही. मेमरी जागच्या जागी असते. ती ज्याच्या नावे दिली त्याचा मागमूस उरलेला नसतो, आणि दफ्तरी मात्र ती दिलेलीच दिसते. या व्याधीचे यथार्थ नाव जुन्या कारकुनांच्या बोलीत सापडते: बेवारस बाकी.

आमच्या भागात हिशेबाची शिस्त जुनी आहे. संस्थानी अमदानीत दिवसाची देवघेव रोजकीर्दीत चढायची, तेथून ती खातेवार खतावणीत जायची, आणि दोहोंची रुजुवात पडली म्हणजेच बाकी खरी मानली जायची. गावचे दफ्तर मात्र पिढ्यान्‌पिढ्या कुलकर्ण्याच्या घरी रुमालात बांधलेले असे, आणि कोणती जमीन कोणाकडे हे सांगण्याचा अधिकार त्या एका घरात एकवटलेला असे. छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले, त्यामागे सामाजिक कारणे मोठी होती. येथे माझ्या विषयापुरते एवढेच घेतो, की नोंद कोणी ठेवावी आणि तिचा जाब कोणी द्यावा, हा प्रश्न त्या निर्णयाच्या मुळाशी होता. मेमरीच्या व्यवस्थेचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो.

या हिशेबाचे दोन संप्रदाय योगायोगाने एकाच वर्षी, १९६० मध्ये, शब्दबद्ध झाले. लिस्प या भाषेचा जनक जॉन मॅकार्थी याची रीत पैमाशीला निघालेल्या मोजणीदाराची होती: मोकळी जागा संपत आली की काम थांबवावे, ज्ञात नावांपासून निघून साखळीने जेथवर पोहोचता येईल तेथवर खुणा करीत जावे, आणि बिनखुणेची सारी जागा सरकारजमा करावी. जॉर्ज कॉलिन्सची रीत खतावणीची: प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर त्याच्या धारकांची संख्या लिहावी, धारक वाढला की एक मिळवावा, सुटला की एक वजा करावा, आणि शून्य होताच तुकडा परत घ्यावा. दोन तुकडे एकमेकांचेच धारक होऊन बसले तर ही संख्या कधीच शून्यावर येणार नाही, हा दोष १९६३ मध्येच हॅरोल्ड मॅकबेथने दाखवून दिला. डेनिस रिची याने १९७२ च्या सुमारास घडवलेल्या सी भाषेने मोजणीदारही नेमला नाही आणि खतावणीही ठेवली नाही. जागा मागून घ्यावी आणि काम झाल्यावर आपण होऊन परत करावी, एवढा एकच विश्वास तिने प्रोग्राम लिहिणाऱ्यावर टाकला.

तो विश्वास ढळला म्हणजे काय होते, हे लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने १९९२ मध्ये अनुभवले. २६ ऑक्टोबरला तिची नवी संगणक व्यवस्था पूर्णपणे सुरू झाली, आणि ४ नोव्हेंबरच्या पहाटे ती बंद पडली. चौकशीअंती असे निष्पन्न झाले, की सुमारे तीन आठवड्यांपूर्वी प्रोग्राममध्ये राहून गेलेल्या एका तुकड्यामुळे, रुग्णवाहिका रवाना करण्याच्या दर आदेशागणिक सर्व्हरमधील थोडीशी मेमरी घेतली जाई आणि परत मात्र केली जात नसे. ही बाकी दिवसेंदिवस साचून अखेरीस खजिनाच रिता झाला. एका वेळचे प्रमाण क्षुल्लक होते, म्हणूनच ते कोणाच्या नजरेस पडले नाही. मला हा प्रसंग त्यासाठीच फार महत्त्वाचा वाटतो.

थकबाकी शोधणारी साधनेही त्याच दशकात येऊ लागली. रीड हेस्टिंग्जचे प्युरिफाय हे त्यांतील अग्रेसर. हाच गृहस्थ पुढे नेटफ्लिक्सच्या संस्थापकांपैकी एक म्हणून जगाला ठाऊक झाला. जूलियन सीवर्डचे वॅलग्रिंड २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. आणि १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा व फेदेरिको मेना यांनी आरंभलेल्या ग्नोम डेस्कटॉपसारख्या मुक्त प्रकल्पांतील मंडळींच्या हाती ते विनामूल्य पडले. त्यांना त्याची निकड होतीच, कारण ग्नोमने कॉलिन्सची खतावणी स्वीकारली होती, परंतु ती सी भाषेत, म्हणजे मिळवणी-वजाबाकी बव्हंशी माणसाच्या हातावर सोपवून.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेची पातळी पाहिल्याखेरीज आम्हा कोल्हापूरकरांना चैन पडत नाही. ती पातळी डेस्कटॉपच्या पॅनेलवर सदैव दिसावी म्हणून मी याच खतावणीच्या रीतीवर एक लहानसे प्लगिन लिहिले होते. दर दहा सेकंदांनी ते ४८ बाय ४८ बिंदूंचे एक चित्र नव्याने लावी. आठवडाभरात संगणक जड झाला. प्लगिन पॅनेलच्या पोटात चालत असल्यामुळे सारा खर्च पॅनेलच्या नावे पडत होता, आणि मी दोन दिवस निष्कारण पॅनेलवरच संशय घेत राहिलो. मग सकाळ-संध्याकाळ आकडे टिपू लागलो. वाढ दिवसाला सुमारे ८ कोटी बाइटची, रात्री कोणी काम करीत नसतानाही तितकीच. दिवसातून चित्र बदले ८,६४० वेळा; भागाकार आला ९,२०० ते ९,३०० च्या दरम्यान. ४८ गुणिले ४८, आणि दर बिंदूला ४ बाइट, म्हणजे ९,२१६. गुन्हा कोठे घडत आहे, हे त्या भागाकारानेच सांगितले.

वॅलग्रिंडखाली चालवताच प्रोग्राम कमालीचा मंदावला, पण बंद होताना त्याने जो ताळेबंद मांडला त्यात चित्रांचे मथळे 'निश्चित हरवलेले' या सदराखाली आणि त्यांच्या आश्रयाने असलेले ९,२१६ बाइटचे तुकडे 'अप्रत्यक्षपणे हरवलेले' या सदराखाली ओळीने उभे होते. व्यवहार असा झाला होता: फाइलीतून चित्र उचलताना धारक-संख्या एक झाली, ती माझ्या फंक्शनच्या नावे, पॅनेलवरील चौकटीला चित्र देताच तिने आपले नाव चढवले, संख्या दोन झाली, पुढचे चित्र येताच चौकटीने आपले नाव काढले, संख्या पुन्हा एकावर आली. तो उरलेला एक माझ्या फंक्शनचा होता, आणि ते फंक्शन तर केव्हाच संपले होते. मयताच्या नावे खाते चालू राहावे, तसे.

चित्र चौकटीच्या स्वाधीन केल्यानंतर आपला धारक-हक्क सोडणारी 'अनरेफ'ची एक ओळ तेथे हवी होती, ती लिहिली. त्या रात्री राधानगरीकडे पाऊस जोरात होता आणि पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकत होती. पहाटेपर्यंत जागून मी दोन्ही आकडे वहीत उतरवत होतो. नदीचा चढत गेला, पॅनेलच्या नावापुढचा आकडा मात्र जागचा हलला नाही.